बारा पाटांचं देऊळ

एका गावात एक देऊळ होतं आणि त्या देवळात बारा पाट होते. देऊळ ख्रिस्ती मंडळींचं. पण त्या गावात चर्च वगैरे कोणी म्हणत नसे, देऊळच म्हणत. पाट बाभळीच्या लाकडाचे, बेताच्या उंचीचे. गावातली निम्मी भांडणं त्या पाटांवरून होत असत.

हे पाट आले कुठून, ते आधी सांगतो. प्रभू येशूनं मरणाच्या आदल्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले, हे तुम्ही ऐकलं असेल. गुरू असून तो जमिनीवर बसला आणि चेल्यांच्या पायांची धूळ काढली. त्या गावच्या पहिल्या पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, ही गोष्ट फार लागली होती. त्यानं सुताराकडून बारा पाट करून घेतले. दरवर्षी त्या रात्रीच्या आठवणीच्या गुरुवारी तो देवळाच्या दारात उभा राहायचा आणि कोणाचे पाय सगळ्यात जास्त मळलेत ते बघायचा. कोणी गोठ्यातून आलेला, कोणी चिखलातून, कोणाच्या टाचेच्या भेगांतून रक्त येतंय. अशांना तो हाताला धरून आत आणायचा, पाटावर बसवायचा आणि त्यांचे पाय धुवायचा.

तो पाळक मेला आणि पाट मागे राहिले. मग माणसांनी जे करायचं तेच केलं. ज्याचा बाप एकदा पाटावर बसला होता तो म्हणाला, हा पाट आमच्या घराचा. दुसरा म्हणाला, मग तो आमचा. बघता बघता बारा पाटांची बारा घराणी झाली. पाटांना चांदीची फुलं ठोकली गेली. सोयरीक जमवताना मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी पाटाचं घर आहे का, हे विचारायला लागले. एका घरात दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा शेत सुखानं वाटलं, म्हशी वाटल्या, आणि पाटावरून मात्र एकमेकांची डोकी फोडली. पाय धुण्याच्या मानासाठी डोकी फोडणारी माणसं दुसरीकडे कुठं असतील असं मला वाटत नाही.

आता मानाच्या पाटावर मळके पाय घेऊन कसं बसायचं? म्हणून मंडळी घरूनच पाय धुऊन यायला लागली. वजरीनं टाचा घासायच्या, शिकेकाई लावायची, वरून खोबरेल आणि थोडं अत्तर. पाळकबाबांनी ओंजळभर पाणी सोडायचं आणि मऊ पंचा टेकवायचा, की झाला विधी. एका वर्षी बाराही जणांचे पाय धुऊन झाल्यावर परातीतलं पाणी इतकं नितळ राहिलं की मांजर येऊन ते पिऊन गेलं. लोकांनी त्याचं कौतुक केलं. लाज वाटायची सोडून कौतुक!

या पाटांचा एक नियमही होता. बाराव्या माणसाचे पाय धुऊन होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. जो उठेल, त्याच्या घराचा पाट कायमचा गेला. पूर्वी कधीतरी एकजण मध्येच उठला होता आणि त्याच्या पाटावर दुसराच येऊन बसला होता, त्या मारामारीनंतर पंचांनी हा नियम केला होता.

पहिला पाट रिबकाबाईचा. नवरा वारल्यावर तो तिच्याकडे आला. गावात तिला थोरल्या बाई म्हणत. बाईच्या नाकावर राग. भाजीवाल्यावर ओरडायची, सुनेवर ओरडायची, कोंबडी अंगणात आली तर कोंबडीवर ओरडायची. एकदा झाडलोट करताना तिचा पाट वीतभर मागे सरकला होता, तर तिनं भर उपासनेत असा काही आवाज चढवला की पाळकबाबांच्या हातातून पुस्तक पडलं. एवढा राग देवानं दिला होता आणि बाई तो वीतभर जागेवर खर्च करत होती.

गावाबाहेर माळावर चुन्याची भट्टी होती. ती रिबकाबाईच्याच घरची. भट्टीचा व्यवहार तिचा दीर बघायचा. देवळाचा कारभारही त्याच्याकडे, म्हणून सगळं गाव त्याला कारभारी म्हणे. भट्टीवर राबणारी माणसंही ख्रिस्तीच होती, त्याच देवळात बाप्तिस्मा झालेली. पण रविवारी ती मागे, दाराशी, लोकांच्या चपलांच्या रांगेजवळ बसत. त्यांच्या स्वतःच्या पायात मात्र काही नसे. अनवाणी भट्टीवर जायचं, अनवाणी देवळात यायचं. बारा पाटांवर आपल्यापैकी कोणी बसावं हे त्यांच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

त्या साली पाऊस पडलाच नव्हता. विहिरी आटल्या, ओढ्यात वाळू उरली. प्यायचं पाणी लांबच्या नदीवरून बैलगाडीनं यायचं आणि घरोघरी तांब्या-तांब्यानं वाटलं जायचं. पण गुरुवार आला तशा बारा घरांच्या बारा घागरी भरून देवळात येऊन बसल्या. गळ्यात झेंडूच्या माळा घालून, काठोकाठ भरलेल्या. गावाला प्यायला पाणी नाही आणि देवळात धुतलेले पाय धुवायला बारा घागरी!

त्या दिवशी भट्टी बंद असायला हवी होती. पण येत्या रविवारी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण, आणि सणाच्या आधी देवळाला पांढरा चुना लावायचा होता. कारभारी म्हणाला, "भिंती काळ्या ठेवायच्या का सणाला? आज चुना विरवा, उद्या लावू." नदीवरून आणलेली दोन पिंपं त्यानं भट्टीवर पाठवली. चुन्यासाठी पाणी होतं, बघा. भट्टीतून निघालेली चुनकळी हौदातल्या पाण्यात सोडली की पाणी आपोआप खदखदतं, चुलीवर ठेवल्यासारखं. त्या हौदाच्या काठावर हन्ना नावाची बाई फावडं घेऊन उभी होती. काठ ओला होता, पाय अनवाणी होते. ती घसरली आणि गुडघ्याएवढ्या उकळत्या चुन्यात उभी राहिली.

नवऱ्यानं आणि दुसऱ्या एकानं तिला ओढून बाहेर काढलं. हौदातलं पाणी चुन्यानं पिऊन टाकलं होतं, पिंपं रिकामी होती, भट्टीवर धुवायला घोटभर पाणी उरलं नव्हतं. गावात भरलेलं पाणी एकाच ठिकाणी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तिला घोंगडीत घातलं आणि देवळाकडे धाव घेतली.

देवळात विधी चालू होता. प्रत्येक पाटाला गाण्याचं एक कडवं म्हणायची तिथली रीत होती. पहिलं कडवं रिबकाबाईचं. तिचे पाय धुऊन झाले होते आणि ती ताठ बसून होती. मंडळी गात होती, "तुझ्यासारखे कर आम्हां, प्रभू, तुझ्यासारखे कर." पाळकबाबा पुढच्या पाटापाशी सरकले, तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली.

"कोण गं ते मेलं ओरडतंय?" रिबकाबाई पुटपुटली आणि तिनं मान वळवली. दार उघडं होतं. बाहेर जमिनीवर घोंगडी, घोंगडीवर हन्ना. गुडघ्याखाली पांढऱ्या लगद्यानं माखलेले दोन पाय, आणि लगदा फुटून मध्ये लाल दिसत होतं.

कारभारी घाईघाईनं दारात गेला.

"पानी द्या, कारभारी!" हन्नाचा नवरा म्हणाला. "चुन्यात पडली ही. धुवाया पायजे आत्ताच्या आत्ता. चुना आत खात चाललाय."

"हळू बोल. आत विधी चाललाय."

"भट्टीवर थेंब न्हाय वो. हितं घागरी भरल्यात..."

"त्या आशीर्वाद दिलेल्या घागरी आहेत. त्यांना मध्येच हात लावता येत नाही." कारभाऱ्यानं जरा विचार केला. तो काही राक्षस नव्हता, तेच तर वाईट. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "विधी झाला की उरेल तेवढं सगळं पाणी तुलाच देतो. तोवर तिला सावलीला घे."

"तवर पाय ऱ्हातील का तिचं?"

"प्रार्थना कर," कारभारी म्हणाला आणि आत आला.

रिबकाबाईनं यातला शब्द न् शब्द ऐकला. ती ताडकन उठली, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती उठली नाही. ती बसून राहिली. पाट गेला तर सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव गेलं. सणानंतर लेकीचं लग्न होतं, पाटाच्याच घरात. पाट नसलेल्या घरातली मुलगी ते लोक करतील का? आणि दुसरं कोणीतरी उठेलच की. एवढी माणसं आहेत, कोणीतरी उठेल. देवळातला प्रत्येक माणूस हेच मनात म्हणत होता, आणि म्हणून कोणीच उठत नव्हतं.

हन्ना पुन्हा ओरडली. गाणं सांगणाऱ्या माणसानं आवाज चढवला. त्याच्यामागोमाग सगळ्यांनीच चढवला. बाहेरच्या बाईचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून ती मंडळी देवाला मोठमोठ्यानं सांगत होती, तुझ्यासारखे कर आम्हां, तुझ्यासारखे कर. देवाला त्या वेळी काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. माझ्या हातात असतं तर मी छप्परच खाली आणलं असतं.

एक कडवं संपलं, दुसरं संपलं, आणखी एक संपलं. पाळकबाबा कापडाच्या व्यापाऱ्यापाशी आले. त्याचे पाय लोण्यासारखे, नखं घासून गुलाबी केलेली. पाळकबाबांनी पाणी सोडलं, तसा व्यापाऱ्यानं पाय आखडला.

"पाणी फार गार आहे, पाळकबाबा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी जरा कोमट करायला सांगा."

हे ऐकलं आणि रिबकाबाई उठली.

गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. पहिला पाट रिकामा झालेला त्या देवळात कोणी पाहिला नव्हता.

"गार लागतंय?" ती ओरडली. "तुला पाणी गार लागतंय, होय रे? बाहेर बाईच्या पायांची सालटी निघालीत आणि तुला पाणी गार लागतंय! शरम नाही वाटत? आणि मी मेली ऐकत बसलेय इथं, मांडीवर हात ठेवून!"

"वहिनी, खाली बसा!" कारभारी धावत आला. "काय करताय? पाट जाईल! पोरीचं लग्न मोडेल!"

"पाट घाला चुलीत!" रिबकाबाईनं आपली घागर उचलली, माळ ओरबाडून फेकली आणि तशीच ओल्या पायांनी दाराबाहेर गेली.

तिनं ती घागर हन्नाच्या पायांवर ओतली. पांढरं पाणी वाहत गेलं, पण एका घागरीनं चुना सुटेना. ती आत आली आणि शेजारच्या घागरीला हात घातला. त्या घराच्या म्हाताऱ्यानं घागरीचा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"ही आमच्या घराची आहे, थोरल्या बाई."

"सोडा म्हणते ना! नाहीतर तुमच्याच डोक्यावर आपटीन!"

पाळकबाबा अजून गुडघ्यांवरच होते. त्यांच्या एका हातात व्यापाऱ्याचा पाय होता. ते कळवळून म्हणाले, "रिबकाबाई, जरा ऐका. सगळं पाणी नेलंत तर उरलेल्यांचे पाय मी कशानं धुऊ?"

"उरलेल्यांचे पाय घरीच धुऊन झालेत, बाबा! अत्तराचा वास इथवर येतोय! ज्यांचे धुवायचेत ते पाय बाहेर आहेत!"

त्यावर मागच्या रांगेतली, त्या दिवशी कामावर नसलेली भट्टीची माणसं उठली. इतका वेळ तीही मालकांच्या भीतीनं खाली मान घालून बसली होती. त्यांनी घागरी उचलून बाहेर न्यायला सुरुवात केली. पाटावरचे दोघंतिघं उठले. बाकीचे आपापल्या घागरीला मिठी मारून बसले, आणि त्यांच्या हातांतून घागरी सोडवून घ्याव्या लागल्या. पाळकबाबा पंचा हातात घेऊन नुसते उभे राहिले. ना ते बाहेर गेले, ना त्यांनी कोणाला अडवलं.

पाणी पुरलं, पण वेळेवर पोचलं नाही. हन्नाचा एक पाय बरा झाला. दुसऱ्या पायाची बोटं गेली आणि तळवा आखडला. वैद्य म्हणाला, "विधी आधी थांबला असता तर हाही पाय वाचला असता." तो हे रिबकाबाईसमोरच म्हणाला.

सणाच्या दिवशी देऊळ झकास दिसत होतं. त्याच हौदातला चुना लावला होता. भिंती दुधासारख्या पांढऱ्या झाल्या म्हणून लोक एकमेकांना सांगत होते. त्यानंतर पंच बसले आणि, ती सगळ्यांत आधी उठली म्हणून, त्यांनी एकट्या रिबकाबाईचा पाट काढून घेतला. लेकीची सोयरीक मोडल्याचा निरोपही आला.

"ठेवा तुमचा पाट," रिबकाबाई पंचांना म्हणाली. "त्याच्यावर बसून मी एका बाईचा पाय जाळलाय. पुन्हा बसायला सांगितलंत तरी बसणार नाही."

तिनं भट्टीवरच्या सगळ्यांना चांभाराकडून जाड कातड्याचे जोडे करून घेतले. कारभारी कुरकुरला, तर त्याला भट्टीवर यायची बंदी केली. रोज सकाळी ती स्वतः हन्नाच्या झोपडीत जाऊन जखम धुवायची, मलम लावायची, फडकं बदलायची. हन्ना बोलत नसे. छपराकडे बघत पडून राहायची.

एके दिवशी रिबकाबाईला ते सोसेना. "अगं, चार शिव्या तरी दे मला," ती म्हणाली. "अशी गप्प नको राहूस."

हन्ना म्हणाली, "शिव्या काय द्यायच्या, बाई? तुमी उठला तरी. पन लई कडव्यांनंतर उठला. मला भाईर समदं गानं ऐकू येत व्हतं."

रिबकाबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा नीट बांधली.

इकडे आसपासच्या गावांत त्या देवळाची छीथू व्हायला लागली. बाजारात लोक तोंडावर विचारायचे, "तुमच्याकडं जळलेले पाय धूत नाहीत म्हणे?" पंचांना ते झोंबलं. त्यांनी पाळकबाबांना गाठलं आणि ठरवलं, की त्या बाईला मान द्यायचा आणि विषय मिटवायचा. जखम भरून आली तशी एका रविवारी वरात निघाली. पुढे पाळकबाबा, खांद्यावर नवा पंचा. मागे परात, माळ घातलेली घागर, आणि एक पाटसुद्धा. त्यामागे अख्खी मंडळी, गाणं म्हणत.

हन्ना झोपडीच्या दारात बसली होती. शेजारी रिबकाबाई फडकी वाळत घालत होती. पाळकबाबांनी पाट मांडला आणि हन्नासमोर जमिनीवर गुडघे टेकले. त्यांचा आवाज कापत होता, आणि ते सोंग नव्हतं.

"हन्नाबाई, पाटावर बसा. आम्ही तुमचे पाय धुवायला आलोय."

हन्नानं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"आता दुखत न्हाईत, बाबा," ती म्हणाली. "दुखत व्हते तवा यायचं व्हतं."

मागून कारभारी पुढे आला. "अगं, बस की! मान मिळतोय तुला! तुमच्यात आजवर कोणाला मिळाला होता?"

हन्नानं त्याच्याकडे पाहिलं.

"मान कुनी मागितला व्हता?" ती म्हणाली. "मी पानी मागितलं व्हतं."

पाळकबाबा रिकामी परात पुढ्यात घेऊन तसेच गुडघ्यांवर राहिले. रिबकाबाईनं ती माळेची घागर उचलली, आत नेऊन भट्टीच्या माणसांच्या प्यायच्या माठात ओतली आणि रिकामी घागर पाळकबाबांसमोर आणून ठेवली.

तात्पर्य: बाहेर कोणी विव्हळत असेल तर गाणं अर्ध्यावर टाकून उठावं, देवाला तीच उपासना पोचते, आणि जो उशिरा उठला त्यानं आभाराची वाट पाहू नये.